आधी वाट, मग वाहन

शेतीच्या खर्चाचा हिशेब मांडताना नांगरणी, पेरणी, खुरपणी व काढणी यांची नोंद होते. ओझे वाहण्याची नोंद मात्र क्वचितच होते. वास्तविक शेतकरी कुटुंबाच्या वर्षभराच्या श्रमांचा फार मोठा वाटा कोणती ना कोणती वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यातच खर्ची पडतो. उकिरड्यावरील खत रानात, बियाण्याच्या पिशव्या बांधावर, विहिरीचे पाणी फवारणीच्या पंपात, कडबा गोठ्यात, धान्य खळ्यावरून घरी आणि घरून बाजारात, असा हा फेरा मृगापासून पुढच्या मृगापर्यंत थांबत नाही. या कामास स्वतंत्र नाव नाही, म्हणून त्याची मजुरीही कोणी धरीत नाही.

धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावाचे उदाहरण घ्यावे. खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत ज्वारी व हरभरा, पाण्याची सोय असेल तेथे ऊस, अशी या भागाची पीकरचना आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. एवढ्याच क्षेत्राचा शेतकरी डोळ्यांपुढे ठेवून ओझ्याचा हिशेब केला, तर काय दिसते? हेक्टरी ५ टन शेणखत द्यावयाचे म्हटल्यास सुमारे पावणेसात टन खत रानात गेले पाहिजे. वीस किलोच्या पाटीने ते न्यावयाचे तर ३३५ पाट्या होतात. हातपंपाने एकदा फवारणी करण्यास हेक्टरी ५०० लिटर पाणी धरले, तर एका फवारणीस ६७० लिटर पाणी लागते. म्हणजे सोळा लिटरचा पंप बेचाळीस वेळा भरावा लागतो, आणि विहीर लांब असल्यास तेवढे पाणी घागरीघागरीने आणावे लागते. हेक्टरी वीस क्विंटल उतारा धरला तर सत्तावीस क्विंटल सोयाबीन रानाबाहेर काढावयाचे असते. यांत वैरण, सरपण व दुधाच्या किटल्या धरलेल्याच नाहीत.

हे ओझे वाहते कोण, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. गोण्या उचलण्यास पुरुष असतात. परंतु वैरणीचा भारा, खताची पाटी आणि फवारणीच्या पाण्याची घागर ही बहुधा घरातील स्त्रीच्या माथ्यावर असते. गावात ट्रॅक्टर आला म्हणजे नांगरट लवकर उरकते, परंतु भारा माथ्यावरून खाली उतरतोच असे नाही. शेतीच्या यांत्रिकीकरणाची पाहणी करणाऱ्यांनी गावातील ट्रॅक्टरांबरोबर सायंकाळी रानातून परतणारे भारेही मोजावेत.

परदेशांतील शेतकऱ्यांनी या किरकोळ वाहतुकीसाठी निराळे वाहन काढले. रुंद व मऊ चाकांचे, मोटारसायकलीप्रमाणे वर बसून चालविण्याचे हे छोटे वाहन कोणत्याही जमिनीवर चालते. १९७० साली होंडा कंपनीने अशी तीनचाकी गाडी बाजारात आणली. पुढे १९८० नंतरच्या दशकात चारचाकी गाड्या रूढ झाल्या. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात कुंपणाची पाहणी, मेंढरे वळविणे, खत-चारा नेणे ही कामे या गाडीवर होतात. तिच्या चाकांतील हवेचा दाब फार कमी असतो. मोटारीच्या चाकात तीसच्या आसपास पौंड दाब भरतात, तेथे या चाकात पाच-सहा पौंड पुरतो. त्यामुळे चाक जमिनीवर पसरते व भुसभुशीत रानातही सहसा रुतत नाही.

भारतातही अशी वाहने विकली जातात आणि समाजातील हौशी मंडळी ती घेतात. परंतु लहान शेतकऱ्याने त्यांच्या मागे लागावे, असे म्हणता येत नाही. किंमत पाहता तेवढ्या पैशांत लहान ट्रॅक्टर येतो. शिवाय ज्या वाहनास मोटार वाहन नियमांप्रमाणे मान्यता नाही त्याची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून ते सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. बेंबळीच्या शेतकऱ्यास तर रान आणि घर यांच्यामध्ये रस्ता ओलांडावाच लागतो. उलटण्याचा धोकाही मोठा आहे. अपघातांमुळेच तीनचाकी गाड्यांची विक्री अमेरिकेत १९८८ साली बंद झाली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून नव्या चारचाकी गाडीस, ती उलटली तरी चालक खाली चिरडू नये म्हणून, संरक्षक कमान बसविणे सक्तीचे झाले आहे. तेव्हा ती गाडी आपल्याकडे आणण्यापेक्षा तिच्यातील तत्त्व घ्यावे: वजन हलके, चाक रुंद, आणि काम रोजचे.

काळ्या जमिनीत या तत्त्वाचे महत्त्व विशेष आहे. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी होऊन चाकास चिकटते. चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतःच सुमारे दोन टनांचा असतो. भरलेल्या ट्रॉलीसह तो ओल्या रानात शिरला म्हणजे खाली माती दाबली जाते, आणि पुढील हंगामात त्या पट्ट्यात मुळे खोल जात नाहीत. बैलगाडीच्या लाकडी चाकावरील लोखंडी धावही अरुंद असल्यामुळे खोल चाकोरी पाडते. सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस यांची गाठ तर ठरलेलीच असते. ऑक्टोबर २०२० मध्ये व पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्याने अतिवृष्टी सोसली. अशा वेळी कापलेले पीक दोन दिवस आधी रानाबाहेर येणे किंवा न येणे यावर वर्षाची कमाई अवलंबून राहते, आणि त्या दोन दिवसांत वाहन दारात असूनही वाट नसल्यामुळे ढीग तेथेच भिजतात.

म्हणून क्रम उलटा लागला आहे, असे म्हणणे भाग आहे. कर्ज काढून वाहन आधी येते आणि वाटेचा विचार नंतर होतो. दारात ट्रॅक्टर उभा असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे, हे खरे. परंतु सव्वा हेक्टरावर तो वर्षातून किती दिवस चालणार आणि हप्ता मात्र किती महिने फेडावा लागणार, हे खरेदीच्या दिवशी सहसा कोणी विचारीत नाही. पाणंद रस्ता असेल तर साधी टायरगाडीही पुरते. तो नसेल तर महागडे यंत्रही बांधाशी अडते.

पाणंद मोकळी करण्याची साधने उपलब्ध आहेत. बांधावरून जाण्याची वाट मिळण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कोणी अडविली असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ चा आधार आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजनेचा निर्णय काढला. मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद ठेवण्याचे व त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घेण्याचे ठरविले. ही नोंद फार मोलाची आहे. आज भाऊबंदकीत तोंडी कबूल केलेली वाट उद्या जमीन विकली गेल्यावर राहत नाही. मात्र कायद्याने मिळालेल्या वाटेपेक्षा चार शेजाऱ्यांनी एकत्र बसून सोडलेली वाट लवकर तयार होते, आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपले वजन तेथे खर्च करावे.

वाट झाल्यावर ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांनी ते विकण्याची घाई करू नये. देवणी किंवा लाल कंधारी जातीची जोडी काम नसतानाही खाते, हा आक्षेप खरा आहे. परंतु ती शेणही देते आणि तिला डिझेल लागत नाही. सुधारणा हवी ती गाडीत. लाकडी चाकाच्या गाडीवर अर्धा टन ओझे धरले तर वरील खतास तेरा-चौदा खेपा लागतात. बेअरिंगचा आख आणि रबरी टायर असलेल्या गाडीवर टनभर ओझे घेतले तर सात खेपांत काम आटोपते. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी अनेक वर्षे आग्रह धरला, आणि जुवामुळे बैलाच्या मानेस होणाऱ्या इजेकडे देशाचे लक्ष वेधले. त्या आग्रहाला म्हणावे तसे फळ आले नाही, ही खेदाची गोष्ट होय. टायरगाडीत एक उणीव मात्र आहे. ती सहज पळत असल्यामुळे उतारावर बैलांच्या अंगावर जाते. म्हणून ब्रेक असल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये. ओझे आखाच्या बरोबर वर यावे. ते पुढे सरकले तर मान दबते, मागे गेले तर जू वर उचलले जाऊन गळ्यास फास बसतो.

ज्यांच्याकडे बैल नाहीत, आणि अशी घरे आता पुष्कळ आहेत, त्यांनी पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर व टनभर वजनाची ट्रॉली गटाने घ्यावी. अवजारे बँकेची कल्पना यासाठीच आहे. परंतु गटाच्या वाहनाची अडचणही मान्य केली पाहिजे. काढणीच्या चार दिवसांत ते सर्वांनाच हवे असते, आणि तीन गोण्यांसाठी ते रोज कोणी बोलावीत नाही. पाळीचा क्रम हंगामापूर्वी कागदावर लिहून काढला, तर पहिल्या अडचणीवर थोडाफार उपाय होतो. दुसरीवर उपाय अगदी साधा आहे. सायकलीची चाके लावलेली हलकी हातगाडी गावातील लोहार किंवा वेल्डिंगवाला करून देऊ शकतो. मोकळ्या वाटेवर तिच्यातून दोन भारे वैरण किंवा चार घागरी पाणी एक बाई सहज नेते. अनुदानाच्या याद्यांत मोठी यंत्रे ठळकपणे दिसतात. या हातगाडीस तेथे मानाचे स्थान मिळावयास हवे. महिला बचत गटांनी ही मागणी ग्रामसभेत लावून धरावी.

वाहन कोणतेही असो, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा भरलेल्या ट्रॉलीवर माणसे बसविणे बंद झाले पाहिजे; उसाच्या दिवसांत रात्री मागे परावर्तक नसलेली ट्रॉली रस्त्यावर उभी करणे हा तर दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

पाणंदीचे काम रब्बीची ज्वारी निघाल्यावर, फाल्गुन-चैत्रात हाती घ्यावे. त्या वेळी रान मोकळे असते, शेजारी घरी भेटतात आणि मोजणीस पीक आड येत नाही. मातीकाम करून दोन्ही बाजूंस चर काढावेत, ओघळीच्या जागी नळी टाकावी आणि मगच मुरूम पसरावा. नळी न टाकता मुरूम पसरल्यास तो पहिल्या मोठ्या पावसातच वाहून जातो.