थंड करण्याआधी एकदा वाचा

मंडणगडहून एका परीक्षेसाठी कोल्हापूरला गेलो होतो. पेपर दुपारी संपला आणि परतीची गाडी रात्रीची होती. मध्ये पाच-सहा तास काय करायचं हा प्रश्न होता. पावसाची भुरभुर सुरू होती म्हणून सीपीआर रुग्णालयासमोरच्या बागेत शिरलो आणि तिथल्या जुन्या दगडी टाऊन हॉलमध्ये गेलो. आत संग्रहालय आहे हे पाटी वाचल्यावर कळलं. खरं सांगायचं तर संग्रहालय बघायला मी गेलोच नव्हतो, पाऊस चुकवायला गेलो होतो.

तुमच्यापैकी किती जण स्वतःहून एखाद्या संग्रहालयात गेला आहात? शाळेची सहल सोडून. आपल्या रत्नागिरीत थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885मध्ये पकडून आणलं आणि पुढे त्याच्यासाठी तो राजवाडा बांधला. तिथे संग्रहालय आहे. देवरुखला लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय आहे. मी जिल्ह्यात वाढलो आणि दोन्ही पाहिली नव्हती. कुणी अडवलं नव्हतं. पण ही जागा आपल्यासाठी नाही, असं आपण कधी न बोलता ठरवून टाकलेलं असतं. किल्ला, राजवाडा, संग्रहालय ही ‘त्यांची’, मशीद, मदरसा, जमातखाना ही ‘आपली’.

टाऊन हॉलचं संग्रहालय लहान आहे, तासाभरात बघून होतं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940च्या दशकात जे खोदकाम झालं, त्यात सापडलेल्या सातवाहन काळातल्या वस्तू तिथे आहेत. त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती. मी कोकणातला, त्यामुळे पहिला विचार हाच आला की समुद्रापलीकडचा देव कोल्हापुरात पोचला कसा? आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी बंदरात उतरून, घाट चढूनच गेला असणार. आपल्या बाणकोटला काही अभ्यासक ग्रीक प्रवासनोंदींतलं ‘मंदगोरा’ बंदर मानतात. परक्या शहरात, काचेच्या पेटीसमोर उभं राहून मला माझ्या खाडीची आठवण आली.

मग चित्रांच्या दालनात गेलो. तिथे पाण्याकाठचं एक दृश्य होतं. सकाळ की संध्याकाळ ते नीट कळत नाही असा उजेड होता. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे ठिपके आणि फटकारे, दोन पावलं मागे आलो की पाणी हलायला लागतं. खाली नाव होतं : आबालाल रहिमान.

ते नाव मी दोनदा वाचलं. मी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या आहेत. राजा रविवर्मा माहीत होते. आबालाल रहिमान हे नाव कुणी सांगितलं नव्हतं. तिथेच बाकावर बसून गावातल्या मित्रांच्या ग्रुपवर विचारलं, ‘हे नाव कुणी ऐकलंय का?’ दोन उत्तरं आली. एक : ‘कोण हा? आपल्यातला?’ दुसरं : ‘चित्रं काढणारा मुसलमान? आपल्यात चालतं का ते?’

दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, म्हणून दोन्हींचं उत्तर द्यायला हवं.

हो, आपल्यातला. आबालाल कोल्हापूरचे. त्यांच्या घराण्यात कुरआन शरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचं आणि त्या नक्षीने सजवण्याचं काम होतं, असं त्यांच्याविषयी लिहिलेलं आढळतं. हात तिथे तयार झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि मोठ्या शहराची वाट न धरता तिथेच राहिले. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हे त्यांचे विषय. त्याच त्या जागा ते वेगवेगळ्या उजेडात पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात चित्रकार म्हणून आश्रय दिला. याच शाहू महाराजांच्या पुढाकाराने 1906 साली कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात झाली, आणि याच दरबारात अल्लादिया खाँसाहेब गात होते. कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात, ते नाव घडवणाऱ्यांत ही माणसं आहेत. पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून.

दुसरा प्रश्न : चित्र चालतं का? या विषयावर उलेमांमध्ये मतं आहेत आणि तो निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, कुरआनच्या पानाभोवती सोनेरी वेल काढणारा हात आणि पाण्यावरचा उजेड टिपणारा हात एकाच घरातला होता. सौंदर्याची ओढ आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. दुसरं, ज्या मित्राने हा प्रश्न विचारला त्याच्या फोनमध्ये स्वतःचेच शेकडो फोटो आहेत. आपण प्रश्न नियमाचा म्हणून विचारतो, पण बऱ्याचदा तो सवयीचा असतो.

आबालाल यांची एक हकिगत कोल्हापुरात सगळे सांगतात. 1922मध्ये शाहू महाराज गेले. आबालाल त्या दुःखाने खचले आणि आपली असंख्य चित्रं त्यांनी कोटितीर्थाच्या तळ्यात बुडवून टाकली. पुढे 1931मध्ये ते गेले. आज त्यांची चित्रं मोजकीच पाहायला मिळतात. भिंतीवर जे आहे ते उरलेलं आहे.

ही हकिगत मी गाडीत बसून फोनवर वाचली. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत झोप आली नाही. कारण पाण्यात बुडवण्याचं काम मीही केलं होतं.

आदल्या वर्षी पावसाआधी आमच्या घराचं छप्पर काढलं. माळ्यावर दादीची पत्र्याची पेटी होती. दादी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पेटीत कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे होते. वाळवी लागलेले, कडा कुरतडलेले, सगळे उर्दू लिपीत. आमच्या घरात माझ्या पिढीचे सगळे मराठी शाळेत शिकलेले. अरबी हरफ ओळखतो, कुरआन पढतो, पण हाताने लिहिलेली उर्दू वाचता येत नाही. जीर्ण झालेली, आपण ‘शहीद’ म्हणतो ती कुरआनची पानं पायदळी येऊ नयेत म्हणून अदबीने दफन करतात किंवा वाहत्या पाण्यात थंड करतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या गठ्ठ्यांत तशी पानं होतीच. बाकीचं काय आहे ते कळेना. अल्लाहचं नाव कुठे असेल कुणास ठाऊक, म्हणून सगळंच एका पिशवीत भरलं, दगड घातले आणि बाणकोटच्या खाडीत, भरतीच्या पाण्यात सोडलं. नीट बिस्मिल्ला म्हणून. सवाबाचं काम केलं असंच वाटलं.

दोन महिन्यांनी आखातातून चाचांचा फोन आला. सहज विचारलं, ‘पेटीतली अब्बांची पत्रं जपून ठेवलीस ना?’

आजोबा जहाजावर नोकरीला होते. बंदराबंदरांतून घरी पत्रं लिहायचे. बोलायचे कोकणी, लिहायचे उर्दूत. दादीला वाचता येत नव्हतं, मोहल्ल्यातल्या कुणाकडून तरी वाचून घ्यायची. ती पत्रं त्या पिशवीत होती. आजोबांनी काय पाहिलं, कुठे आजारी पडले, पगार किती होता, दादीला काय लिहायचे, हे सांगणारा दुसरा कागद आता जगात नाही. आबालाल यांनी बुडवलं ते दुःखाने. काय बुडवतोय ते त्यांना माहीत होतं. मी अदबीने बुडवलं आणि काय बुडवतोय ते मला माहीत नव्हतं. जास्त मोठं नुकसान कुठलं?

यात मी एकटा नाही. मंडणगड, दापोली, खेडकडच्या मित्रांना विचारलं. बहुतेक घरांत हे झालेलं आहे. निकाहनामे, दुकानाच्या वह्या, जमिनीच्या वाटणीचे कागद, मौलूदच्या वह्या, आफ्रिकेतून आणि आखातातून आलेली पत्रं. लिपी एकच, म्हणून सगळं पवित्र. आणि वाचणारं कुणी नाही, म्हणून सगळं पाण्यात.

आता याची दुसरी बाजू बघा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं हुडकली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला, एकूण 22 खंड झाले. ज्यांच्या घरातली दप्तरं जपली, वाचली, छापली गेली, त्यांची नावं इतिहासात आली. सेतुमाधवराव पगडींनी फारसी कागद वाचून मराठीत आणले. त्यांचा धर्म आपला नव्हता, पण आपले पूर्वज जी लिपी लिहीत ती त्यांनी आत्मसात केली. आपण ती सोडून दिली आणि त्यांनी उचलली, म्हणून तेवढं तरी वाचलं.

आपण नेहमी तक्रार करतो की पाठ्यपुस्तकात आपण नाही, संग्रहालयात आपण नाही, कोकणच्या इतिहासात आपण फक्त ‘आक्रमक’ म्हणून येतो. ती तक्रार खोटी नाही. मलाही शाळेत आबालाल कुणी शिकवले नाहीत, याचा राग आहे. कुणाला लक्षात ठेवायचं हे ठरवणाऱ्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्यालाही एक प्रश्न विचारायला हवा : उद्या एखादा प्रामाणिक संशोधक मंडणगडात आला आणि म्हणाला, ‘मला इथल्या मुसलमानांचा इतिहास लिहायचा आहे, कागद दाखवा’, तर आपण त्याच्यापुढे काय ठेवणार? खाडी?

आपल्याच तालुक्यात बघा. आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव, तिथे लोक लांबून येतात आणि डोकं टेकवून जातात. त्या समाजाने ज्याचं गाव नाकारलं गेलं होतं त्याचं गाव तीर्थ केलं. वेळासला लोक नाना फडणवीसांचं गाव म्हणून जातात, कासवांसाठी जातात. बाणकोटला किल्ला बघून परततात. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटलं, हे माहितीफलक सांगतो. पायथ्याच्या मोहल्ल्यातून किती जण समुद्रावर गेले, किती परत आले, हे सांगायला कुणी नाही. तो फलक आपणच लिहायला हवा.

त्यासाठी मोठी इमारत, सरकारी अनुदान यांची वाट बघायची गरज नाही. टाऊन हॉलचं संग्रहालय बघून मला एवढं कळलं की छोटी जागा पुरते. जमातखान्यातलं एक काचेचं कपाट पुरेल. पण कपाटाच्या आधी काही साध्या गोष्टी करायच्या आहेत.

थंड करण्याआधी गठ्ठा उघडा. उर्दू वाचणारं माणूस गावात अजून आहे. मदरशातले मौलाना असतील, उर्दू शाळेतल्या निवृत्त मॅडम असतील. त्यांना बसवा. कुरआनची पानं वेगळी काढा, त्यांचा अदब आहे तसाच राहू दे. बाकीचं पाण्यात सोडण्याचं काही कारण नाही. प्रत्येक कागदाचा दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आपल्या पावसात माळा ही सगळ्यांत वाईट जागा.

आणि म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ बसा, फोनवर त्यांचा आवाज टिपून ठेवा. त्या बोलण्यातली कोकणीसुद्धा उद्या मिळणार नाही.

राहिली संग्रहालयं. कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईच्या देवळापासून आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापासून अर्धा तास काढा आणि टाऊन हॉलमध्ये जा. आबालाल यांच्या चित्रासमोर उभे राहा. दोन पावलं मागे या. धाकट्या भावंडांना घेऊन जा आणि ते नाव मोठ्याने वाचायला लावा.

या ईदला मुंबईहून, आखातातून सगळे गावी आले तेव्हा मी चार घरांच्या पेट्या उघडायला लावल्या. एका घरात वाळवीशिवाय काही निघालं नाही. दुसऱ्यात एक वही निघाली, मच्छीच्या हिशेबाची. मौलानांनी ती वाचून दाखवली तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईने मधेच नावं ओळखायला सुरुवात केली : हा अमक्याचा बाप, ही तमकीची बोट. पोरं मोबाईल बाजूला ठेवून ऐकत होती. बाकी दोन घरांनी सांगितलं, ‘आम्ही गेल्या वर्षीच थंड केलं.’

चार पेट्यांतून एक वही मिळाली. तुमच्या घरची पेटी अजून माळ्यावर असेल तर पावसाआधी खाली उतरवा.