विश्लेषण : धावून थांबल्यावर मुलांना खोकला का येतो?

थंडीच्या दिवसांत बुलढाणा जिल्ह्यातील शाळांची मैदाने क्रीडा स्पर्धांनी गजबजतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेल्या बुलढाणा शहरात या दिवसांत सकाळची हवा गार आणि कोरडी असते. अशा वेळी धावून आलेले एखादे मूल खोकू लागते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. ‘याच्यात दमच नाही’ म्हणून त्याला बाजूला बसवले जाते. प्रत्यक्षात हा आजार असू शकतो.

नेमके काय होते?

धावताना मूल तोंडाने भराभर श्वास घेते. नाकात गरम आणि दमट न झालेली हवा थेट श्वासनलिकांत शिरते. आतील अस्तर कोरडे पडते आणि नलिका आकुंचन पावतात. साधी धाप थांबल्यावर ओसरते. हा त्रास मात्र थांबल्यानंतर ५ ते १० मिनिटांत वाढतो आणि साधारण तासाभरात कमी होतो. दमा असलेल्या मुलांत तो अधिक आढळतो, पण दमा नसतानाही होऊ शकतो.

शाळेतील तपासणीत का सुटतो?

२०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विद्यार्थ्यांची वर्षातून एकदा तपासणी होते. श्वासनलिकांचे आजारही त्यात येतात. मात्र शांत बसलेल्या मुलाची छाती त्या वेळी स्वच्छ असू शकते. त्यामुळे शिक्षक आणि पालकांचे निरीक्षण महत्त्वाचे ठरते. त्रास होत असताना मोबाइलवर घेतलेली चित्रफीतही डॉक्टरांच्या उपयोगी पडते. खात्रीसाठी धावण्यापूर्वी व नंतर स्पायरोमेट्री केली जाते.

उपाय काय?

खेळापूर्वी १० ते १५ मिनिटे हलका व्यायाम, थंडीत नाकातोंडावर रुमाल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळण्याआधी इनहेलर. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे; त्यातून औषध थोड्या मात्रेत थेट फुप्फुसांत पोहोचते. पंप वारंवार लागत असेल तर उपचार बदलण्याची गरज असते. ओठ निळे पडले किंवा बोलता येईनासे झाले तर तातडीने रुग्णालय गाठावे. धावताना चक्कर आली किंवा शुद्ध हरपली तर हृदयाची तपासणी आवश्यक असते.

खेळ बंद करावा का?

नाही. १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना हाच त्रास होता. त्यांनी ४१ पदके जिंकली.