अकरा टक्क्यांचा हिशेब

2025 सालचा पोळा तीन-चार दिवसांवर आला होता. यावल-रावेर पट्ट्यात बागायती कापसाची बोंडे फुटू लागली होती. वेचणीचा दर काय ठरतो याची घरोघरी चर्चा होती. जळगावकडचे व्यापारी आणि जिनिंगवाले गणेश चतुर्थीला काटापूजन करून खरेदीचा मुहूर्त करायच्या तयारीत होते. एवढ्यात दिल्लीहून हुकूम आला. 19 ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ. मुदत आधी 30 सप्टेंबरपर्यंत सांगितली, आणि दहा दिवसांच्या आत ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. पहिल्या वेचणीपासून कोरडवाहूवाल्याचा बहुतेक कापूस घराबाहेर पडेपर्यंत दार सताड उघडे!

कारण काय सांगितले? 27 ऑगस्टपासून अमेरिकेने भारताच्या मालावर 50 टक्के शुल्क लावले. कपड्यांचे कारखानदार अडचणीत आले. त्यांना स्वस्त कापूस हवा. अडचण खरी होती, ती आम्ही नाकारत नाही. पण उपाय बघा. शुल्क अमेरिकेने लावले, आणि त्यावर आपण अमेरिकेच्याच कापसाला शुल्क माफ केले. मार बसला तिरुपूरच्या कारखानदाराला आणि वळ उठला यावलच्या शेतकऱ्याच्या पाठीवर.

फैजपूरच्या जिल्हा बैठकीत या विषयावर ठराव यायचा आहे. ठरावाला हात वर करण्याआधी हिशेब समजून घेतला पाहिजे, नाहीतर ‘शुल्क वाढवा’ म्हणून आपण ओरडायचे आणि त्यात आपलेच हात भाजायचे, असे व्हायचे.

आयात शुल्क परदेशी विकणारा भरतो असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. बंदरात माल उतरला की तो मागवणारा आपला व्यापारी सरकारी तिजोरीत ते भरतो आणि पुढच्याच्या किमतीत घालतो. बाहेरचा माल 100 रुपयांचा असेल तर तो इथे 111 ला पडतो. मग देशातला तसाच माल तयार करणारासुद्धा 111 च्या आसपास भाव मागू शकतो. शुल्काचा खरा परिणाम हा आहे. सरकारला मिळतो तो पैसा बाहेरून आलेल्या मालावर, पण भाव बदलतो सगळ्याच मालाचा.

अमेरिकेतलेच उदाहरण घ्या. 2018 साली तिथे परदेशी वॉशिंग मशिनवर शुल्क लावले. मशिनच्या किमती सुमारे 12 टक्के वाढल्या. गंमत म्हणजे कपडे वाळवायच्या यंत्रावर शुल्क नव्हते, तरी तीही तेवढीच महागली, कारण गिऱ्हाईक दोन्ही जोडीने घेते. तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. सुमारे 1800 नोकऱ्या निर्माण झाल्या आणि एकेका नोकरीपायी गिऱ्हाइकांच्या खिशातून वर्षाला 8 लाख डॉलरच्या वर गेले. कारखाना वाचवायचा हा मार्ग किती महाग पडतो ते यावरून कळते. म्हणून उंच भिंत मागणाऱ्यांत आम्ही नाही.

आता हीच फूटपट्टी कापसाला लावू. परदेशी रुई बंदरात किलोला 150 रुपयांना पडते असे धरून चाला. 11 टक्के म्हणजे साडेसोळा रुपये. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. 34 किलोला साडेसोळा रुपये म्हणजे 561 रुपये. शुल्क पूर्ण गेले आणि सगळा फरक खालपर्यंत उतरला, तर शेतकऱ्याचे क्विंटलमागे साडेपाचशे रुपये जातात. दोन एकरांत पंधरा क्विंटल पिकवणाऱ्याचे आठ हजारांच्या वर.

आणि गिऱ्हाइकाचे किती वाचतात? एका शर्टाला, वाया जाणारे धरून, पाव किलो रुई लागते असे माना. साडेसोळाचा पाव म्हणजे चार रुपये. सहाशे रुपयांच्या शर्टात चार रुपये! तेसुद्धा गिरणी, विणकर, रंगाई, शिलाई आणि शेवटी दुकान, यांपैकी कोणी मधे ठेवून घेतले नाहीत तर. शर्टाची किंमत शर्टावरच्या लेबलाने ठरते, बोंडाने नाही. तरी दर वेळी ‘ग्राहकाचे हित’ म्हणून बोंडच आधी दाबले जाते.

भाव उतरायला परदेशी गाठी प्रत्यक्ष यायची वाटसुद्धा पाहावी लागली नाही. सीसीआयने आपल्याकडच्या रुईचे विक्रीदर त्याच आठवड्यात खाली आणले. त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव 7710 आणि लांब धाग्याचा 8110 रुपये होता. पण हमीभाव मिळतो खरेदी केंद्रावर, आणि तोही ओलावा, नोंदणी, रांग सगळे पार पडल्यावर. ज्याला दसऱ्याच्या आधी दुकानदाराची उधारी फेडायची आहे तो खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर जातो. तिथे हमीभावाचा कागद कोणी वाचत नाही.

हे पहिल्यांदाच झाले असेही नाही. 11 टक्के शुल्क बसले फेब्रुवारी 2021 मध्ये. त्यात 5 टक्के मूळ शुल्क, 5 टक्के ‘कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर’ आणि 1 टक्का अधिभार. शेतीच्या नावाचा उपकर, आणि शेतकऱ्याला त्याची गरज पडली की नेमका तोच माफ! 2022 साली कापूस दहा हजारांच्या वर गेला तेव्हा 14 एप्रिलपासून शुल्क काढले आणि ती सवलत ऑक्टोबरअखेरपर्यंत चालवली. पुढच्या हंगामात ‘पुन्हा दहा हजार होतील’ म्हणून आपल्यापैकी कितीतरी जणांनी कापूस घरात भरून ठेवला. खोल्या भरल्या, पडव्या भरल्या, अंगाला खाज सुटून पोरेबाळे हैराण झाली, आणि शेवटी उन्हाळ्यात सात-साडेसातला द्यावा लागला. त्या पडझडीला जगभरची मंदी कारण होती, सगळा दोष शुल्काला देणे खरे होणार नाही. पण भाव चढला की दिल्ली हात घालते हे त्या वर्षी व्यापाऱ्याला पक्के कळले. पुढे तो त्याच हिशेबाने बोली लावतो.

इथे सूतगिरणीची बाजूही मांडली पाहिजे. आपल्याच भागात शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर गिरण्या उभ्या राहिल्या, आपलीच पोरे त्यांत कामाला लागली. गिरणीला कापूस महाग पडला आणि बाहेरच्या देशातले सूत स्वस्त पडले, तर गिरणी बंद पडते आणि मग आपला कापूस घेणाराही एक कमी होतो. कच्च्या मालावरचे शुल्क हे कारखान्यावरचा करच असते, हे मान्य केले पाहिजे. फेब्रुवारी 2024 मध्ये 32 मिलिमीटरपेक्षा लांब धाग्याच्या कापसाचे शुल्क काढले, त्याबद्दल आम्ही अवाक्षर काढले नाही. तो कापूस आपल्या भागात पिकत नाही, गिरणीला तो लागतो, येऊ द्या. आमचे भांडण ज्या दिवशी आमची गाडी काट्यावर उभी राहते त्याच दिवशी दार उघडण्याशी आहे.

खाद्यतेलाची गोष्ट वेगळी आहे आणि ती जास्त अवघड आहे. देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते. शर्टात चार रुपये लपून जातात, तेलात लपत नाहीत. आपल्या शेतात वेचणीला येणारी बाई संध्याकाळी पावशेर तेल घेते तेव्हा शुल्क तिच्या हातात मोजून ठेवले जाते. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने कच्च्या तेलावरचे एकूण शुल्क 27.5 टक्के आणि रिफाइंडवरचे 35.75 टक्के केले. सोयाबीनला त्याने आधार मिळेल असे सांगितले. तेल महागले, पण 4892 रुपये हमीभावाचे सोयाबीन त्या हंगामात बाजार समित्यांत त्याच्या खालीच गेले. मग 30 मे 2025 ला कच्च्या तेलाचे शुल्क 16.5 टक्क्यांवर आणले, रिफाइंडचे मात्र 35.75 वरच ठेवले. या वजाबाकीकडे बघा. दोहोंतला फरक सव्वाआठ टक्के होता, तो सव्वाएकोणीस झाला. कच्चे तेल आणून शुद्ध करणाऱ्या कारखान्याला संरक्षण वाढले, तेलबिया पिकवणाऱ्याचे घटले. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, पेरणीच्या तोंडावर. किराणा दुकानात किती उतरले ते ज्याने त्याने आपल्या घरच्या बिलावर पाहावे.

डाळींबद्दल फार लिहीत नाही. जळगाव डाळमिलांचे गाव, त्यांना वर्षभर माल लागतो, तो कुठूनही येवो. पण 8 डिसेंबर 2023 ही तारीख लक्षात ठेवा. त्या एकाच दिवसापासून पिवळा वाटाणा बिनशुल्क आत आला आणि आपला कांदा बाहेर जायला बंदी झाली. स्वस्त वाटाण्याने हरभऱ्याचा भाव दाबला, आणि वाटाण्यावर 30 टक्के शुल्क बसले ते 1 नोव्हेंबर 2025 ला. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

आता जरा आपल्या केळीच्या बागेत या. केळी काही कोणी परदेशातून आणून इथे विकत नाही, मग केळीवाल्याला आयात शुल्काशी काय देणे-घेणे? त्याच्या बागेत जमिनीखाली आणि जमिनीवर जे प्लास्टिक आहे, ते. पाइप ज्यापासून होतो त्या पीव्हीसीपैकी देशाला लागणारा निम्म्याहून जास्त माल बाहेरून येतो. 2019 च्या अर्थसंकल्पात त्यावरचे शुल्क साडेसातचे 10 टक्के केले. मे 2022 मध्ये महागाईचा भडका उडाला तेव्हा पुन्हा साडेसात केले. त्याच महागाईत, महिनाभर आधी, कापसाचे 11 चे शून्य झाले होते. कारखान्यात होणाऱ्या वस्तूला अडीच टक्क्यांचा चिमटा, शेतात होणाऱ्या वस्तूला मुळासकट उपटणे! पाइप घेताना आपण ग्राहक असतो, पण तेव्हा ग्राहकाच्या हिताची आठवण कोणाला होत नाही.

हे आजचेही नाही. 1896 साली इंग्रजांनी बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवले, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना ते टोचू नये म्हणून इथल्या गिरणीच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. तो कर जायला 1925 उजाडले. याच फैजपुरात डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले आणि शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम मंजूर झाला. पुढे आपले राज्य आले तेव्हा कापूस एकाधिकाराने गावाच्याच वेशीवर नाके उभे केले. बऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर, पण तिथे कापूस न्यायचा तर रात्री, चोरासारखा. ज्यांनी त्या गाड्या हाकल्या ते बैठकीला येतील. भिंतीचा फायदा कोणाला होतो हे त्यांना विचारा.

म्हणूनच आम्ही ठरावाच्या पहिल्या मसुद्यातली ‘कापसावर 50 टक्के शुल्क लावा’ ही ओळ खोडली. त्यावर काही कार्यकर्ते रागावले. डंकेल प्रस्तावाच्या वेळी ‘दारे उघडा’ म्हणणारी चळवळ आता ‘दारे लावा’ म्हणणार का, हा प्रश्न आम्हाला बैठकीत कोणीतरी विचारणारच होते, आणि त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. दार उघडे ठेवायचे तर दोन्ही बाजूंनी ठेवा, कांदा-तांदूळ बाहेर जाऊ द्या, पाइप-यंत्रे आत येऊ द्या, मग आम्ही ब्राझीलच्या कापसाशीही बाजारात उभे राहू. आत यायला मोकळे आणि बाहेर जायला कुलूप, हा खुला बाजार नव्हे.

नवा मसुदा असा आहे. कापूस, तेलबिया आणि डाळींवरचे आयात शुल्क जे काय ठेवायचे ते 30 एप्रिलच्या आत, पेरणीपूर्वी, जाहीर करावे आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत त्याला हात लावू नये. मधेच बदलावे लागलेच, तर हमीभावातला फरक सरकारने बाजार समितीच्या पट्टीवरून थेट द्यावा. शेतमालाचे शुल्क ज्या दिवशी घटेल त्याच दिवशी पीव्हीसी आणि ठिबकच्या कच्च्या मालाचेही त्याच प्रमाणात घटावे. शेतमालाच्या निर्यातीवर बंदी किंवा शुल्क घालू नये.

दुसऱ्या कलमाबद्दल आमच्यातच एकमत नाही. फरक सरकारकडून घेणे म्हणजे पुन्हा सरकारच्या दारात उभे राहणे, असे काहींचे म्हणणे आहे, आणि ते चुकीचे आहे असे आम्हाला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. बैठकीत त्यावर मोकळी चर्चा व्हावी.

तालुकाप्रमुखांनी येताना आपापल्या गावातल्या निदान दहा घरांच्या 2025-26 च्या कापूस विक्रीच्या पट्ट्या, तारखेसकट, आणि पाइप-ठिबकची बिले यांच्या झेरॉक्स प्रती आणाव्यात. खेडा खरेदीवाल्याने पट्टी दिली नसेल तर भाव, वजन आणि तारीख साध्या कागदावर लिहून खाली शेतकऱ्याची सही घ्यावी.