बर्फाच्या गावी जाताय? दुसरी गाडी आधी ठरवा

कॅनडातल्या एखाद्या लहान गावातून नोकरीचं पत्र आलं की आपल्याकडच्या घरात पहिला शोध सुरू होतो तो तापमानाचा. हिवाळ्यात उणे किती जातं, बर्फ किती फूट पडतो, मुलांना सोसेल का. आम्ही टिमिन्सला राहतो हे कळल्यापासून चंद्रपूर-नागपूरकडचे ओळखीचे, त्यांच्या ओळखीचे, सगळे मला फोनवर हेच विचारतात. मी त्यांना उलट विचारते, ‘तुमच्या घरात गाडी कोणाकोणाला चालवता येते?’ समोरचा गोंधळतो. पण लहान, बर्फाळ गावात कुटुंब टिकणार की नाही, हे तापमानापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर जास्त अवलंबून असतं, असं माझं ठाम मत आहे.

टिमिन्स हे ओंटारिओ प्रांताच्या उत्तर भागातलं खाणींचं गाव. टोरांटोहून रस्त्यानं सुमारे सातशे किलोमीटर. या भागात १९०९ साली सोनं सापडलं, होलिंजर, मॅकिंटायर आणि डोम या खाणी सुरू झाल्या आणि त्यांच्या आधारानं गाव वाढलं. आज वस्ती साधारण ४१ हजार. त्यात फ्रेंच बोलणारे इतके की दुकानात शिरलं की ‘हॅलो’ आणि ‘बाँझूर’ दोन्ही कानावर पडतं. गावाच्या उत्तरेची तांबं-जस्ताची किड खाण जमिनीच्या पोटात जवळपास तीन किलोमीटर उतरलेली आहे. माझा नवरा खाण अभियंता. नागपुरात शिकला, चंद्रपूरच्या कोळसा खाणींत उमेदीची वर्षं काढली. त्याच्या विद्येला इथं मान आहे आणि कामाला तोटा नाही. तेव्हा आम्ही इथं का आलो, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत.

थंडीबद्दलही जे आहे ते सांगते. नोव्हेंबरात जमिनीवर बसलेला बर्फ एप्रिलपर्यंत हलत नाही. हंगामात मिळून सुमारे तीन मीटर बर्फ पडतो. जानेवारीत पारा उणे तीसच्या खाली जातो अशा रात्री येतात. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. नकाशा पाहिला तर पॅरिस टिमिन्सच्याही किंचित उत्तरेला आहे, पण पॅरिसला समुद्रावरून येणारी ऊब मिळते, आम्हाला ध्रुवाकडून येणारा वारा. हे सगळं खरं असलं तरी चंद्रपूरच्या माणसानं त्याला घाबरायचं कारण नाही. मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांत आपण कसे जगतो? वाळ्याचे पडदे, कूलर, दुपारी दार बंद, कांदा खिशात. गाव आपल्या हवेची रीत बसवून घेतं, तशी या गावानं शंभर वर्षांत बसवली आहे. घराच्या भिंती जाड, तळघरात गॅसची भट्टी, खिडक्यांना दुहेरी काचा. अंगावर तीन थर, पायात उणे चाळीसला टिकणारे बूट, मुलांना बोटांच्या हातमोज्यांऐवजी एकाच पिशवीसारखे मिट्स. पहाटे बर्फ काढणाऱ्या गाड्या फिरतात. आपल्या मोटारीच्या नाकातून एक वायर लोंबत असते, ती रात्री विजेच्या सॉकेटला लावायची, म्हणजे सकाळी इंजिन सुरू होतं. पहिल्याच हिवाळ्यात हे सगळं अंगवळणी पडतं. मुलं तर आठवड्याभरात शिकतात.

ज्याचा बंदोबस्त गावानं केलेला नाही, ते आहे घरातल्या दुसऱ्या माणसाचं आयुष्य.

हे दुसरं माणूस बहुतेक वेळा बायको असते. नवऱ्याला खाणीत बारा तासांची पाळी, एकुलती गाडी तो घेऊन जातो. गावात बस आहे, पण ती आपल्या सोयीनं येत नाही आणि प्रत्येक वस्तीत जात नाही. पदपथावरचा बर्फ उपसेपर्यंत बाबागाडीची चाकं अर्धी रुतून बसतात. उणे पंचवीसमध्ये कडेवर मूल घेऊन बसथांब्यावर वीस मिनिटं उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळतं. मग ती घरीच राहते. एमएस्सी, बीएड, बीफार्म अशा पदव्या सूटकेसमध्ये, आणि खिडकीबाहेर दुपारीच अंधार. दोन हिवाळे असे काढलेली कुटुंबं टेम्पोत सामान भरून टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला निघून जाताना मी पाहिली आहेत. निरोपाच्या वेळी सगळे सांगतात, थंडी झेपली नाही. मी त्या बायकांबरोबर स्वयंपाकघरात बसून बोलले आहे. त्यांनी थंडीबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्यांना चार भिंतींत कोंडून घातल्यासारखं झालं होतं.

माझ्या बाबतीत सुटका झाली ती लायसन्समुळे. ओंटारिओत आधी जी-वन, म्हणजे लेखी परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी. त्या परवान्यावर एकटीनं गाडी चालवता येत नाही. शेजारच्या सीटवर किमान चार वर्षांचा अनुभव असलेला परवानाधारक लागतो. नवरा पाळीवर असताना हा माणूस आणायचा कुठून? आमच्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्या आपण होऊन पुढे आल्या. रविवारी सकाळी त्या मला आइस हॉकीच्या मैदानाबाहेरच्या रिकाम्या पार्किंगमध्ये न्यायच्या. वर बर्फ, खाली गोठलेल्या पाण्याची काच. त्या म्हणायच्या, आता मुद्दाम जोरात ब्रेक दाब. गाडी घसरायची, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं व्हायचं, पायाखाली ब्रेक थडथडायचा. पुन्हा. आणखी एकदा. गाडी घसरत असताना पाय उचलायचा आणि नजर जिथं जायचंय तिथं ठेवायची, हे हाडात मुरेपर्यंत त्यांनी मला रस्त्यावर नेलं नाही. शहरातल्या कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे मिळालं नसतं. रोड टेस्ट मी भर फेब्रुवारीत दिली.

आणि मग नोकरी लागली. मी रसायनशास्त्राची. चंद्रपूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवत होते. इथं खाणींच्या आसपास अशा लॅब असतात, ज्यांत दगडात सोनं किती हे तपासतात. ते काम सकाळी सातला सुरू होतं, लॅब गावाबाहेर, बस तिकडे फिरकतही नाही. स्वतःची गाडी नसती तर अर्ज करण्यातही अर्थ नव्हता. ड्रिलिंगमधून आलेला दगडाचा नळा फोडून, दळून पीठ करायचं. त्यात शिशाचं ऑक्साइड, सोडा, बोरॅक्स मिसळून मातीच्या मुशीत भरायचं आणि हजार अंशांच्या वरच्या भट्टीत ठेवायचं. तासाभरानं लाल रस लोखंडी साच्यात ओतायचा. थंड झाल्यावर वरची काचेसारखी मळी हातोडीनं उडवायची की तळाला शिशाची गोळी सापडते, सगळं सोनं तिनं ओढून घेतलेलं असतं. ती गोळी सच्छिद्र वाटीत पुन्हा भट्टीत जाते, वाटी शिसं पिऊन टाकते आणि उरतो मोहरीहूनही लहान मणी. बाहेर उणे अठ्ठावीस आणि मी भट्टीसमोर घामाघूम. भट्टीचं तंत्र विचारायला आता लॅबमधली माणसं मला शोधत येतात, गावात माझ्या नावानं मला ओळखणारे लोक झाले. अमुकची बायको ही ओळख मागे पडली, तेव्हा हे गाव माझं झालं.

म्हणून मला सरकारी योजनांची एक गोष्ट खुपते. लहान गावांत माणसं यावीत म्हणून कॅनडानं २०१९ साली ग्रामीण आणि उत्तरेकडच्या भागांसाठी प्रायोगिक योजना आणली. त्यात टिमिन्ससह ११ ठिकाणं होती. ती संपल्यावर २०२५ च्या जानेवारीत नवी योजना आली, तिच्यात १४ ठिकाणं आहेत आणि टिमिन्स याही यादीत आहे. गावातल्या मान्यताप्राप्त मालकानं नोकरी द्यायची, गावानं शिफारस करायची, मग कायमच्या वास्तव्याचा अर्ज. चांगली योजना आहे, आमच्यासारख्यांना तिनं दार उघडून दिलं. पण सारा हिशेब एका माणसाच्या नोकरीचा. त्याच्याबरोबर येणारी शिकलेली बाई काय करेल, कशानं फिरेल, हे कोणी विचारत नाही. उलट २१ जानेवारी २०२५ पासून परदेशी कामगारांच्या जोडीदारांना मिळणारा खुला वर्क परमिट ठरावीक दर्जाच्या नोकऱ्यांपुरता मर्यादित झाला. माणसं टिकत नाहीत म्हणून गावं तक्रार करतात. त्यांना मी म्हणते, शिफारस करताना जोडीदाराचं शिक्षणही पाहा, तिला गाडी शिकायला मदत करा, लॅबची, शाळेची, दवाखान्याची ओळख करून द्या. गावाला माणसं हवी असतील तर एवढं करणं गावाच्याच फायद्याचं आहे.

आपल्याकडचे लोक विचारतात, यापेक्षा टोरांटो बरं नाही का? तिथं मराठी भाषिक मंडळ आहे, गणपती थाटात बसतो, कढीपत्ता कोपऱ्यावर मिळतो. खरं आहे. आमच्याकडे मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि तूरडाळीची पोती कोणी दक्षिणेला गेलं की येतात. मुलांचं मराठी टिकवायला घरात रोज मेहनत घ्यावी लागते. पण टोरांटोत दिवसाचे दोन-तीन तास रस्त्यावर जातात, ते इथं मुलांना मिळतात. ऑफिस, शाळा, तळं सगळं पंधरा मिनिटांत. १९३८ साली बांधलेल्या मॅकिंटायर अरीनात आमची मुलं स्केटिंग शिकली आणि आता बर्फावर माझ्यापेक्षा स्थिर उभी राहतात.

एका बाबतीत मात्र मी कोणालाही धीर देत नाही, ती म्हणजे प्रकृती. फॅमिली डॉक्टर मिळायला वाट पाहावी लागते. विशेषज्ञाकडे जायचं तर बहुधा सडबरी, तीनेकशे किलोमीटर. प्रवासखर्चाला प्रांताचं अनुदान आहे, पण वादळात महामार्गच बंद झाला तर अनुदानानं पोचता येत नाही. घरात गुंतागुंतीचं बाळंतपण असेल, मुलाला सतत उपचार लागत असतील, तर हे गाव निवडू नका. आईबाबांचंही तसंच. सुपर व्हिसावर ते एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, म्हणून लोक हौसेनं त्यांना जानेवारीत आणतात. सत्तरीतल्या माणसाला दारातल्या बर्फावर घसरायला एक पाऊल पुरतं. त्यांना जूनमध्ये बोलवा. माझ्या सासूबाई जूनमध्ये आल्या, मागच्या अंगणात मेथी लावली, शेजारणीशी खाणाखुणांनी गप्पा मारल्या. हिवाळ्याला राहायचं की नाही हे मग त्यांनी स्वतः ठरवलं.

दुसऱ्या गाडीचा खर्च मोठा आहे, हे मी लपवत नाही. नव्या चालकाचा विमा ओंटारिओत अंगावर येतो. त्यात हिवाळी टायर. उत्तर ओंटारिओत खिळ्यांचे टायर कायद्यानं चालतात, तेच घ्या. पाळणाघराची जागाही हाती असावी लागते. सरकारी योजनेतल्या पाळणाघरांत सहा वर्षांखालच्या मुलांचं शुल्क २०२५ पासून दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर आहे, पण यादी लांब असते, तेव्हा इथं येण्याआधीच नाव नोंदवा. वर्षभर नवा सोफा नको, टीव्ही नको, भाड्याचं लहान घर चालेल. गाड्या मात्र दोन हव्यात.

तेव्हा ज्यांच्या हातात असं पत्र आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. भारतातच दोघांनी लायसन्स काढा, गाडी चालवून हात बसवा आणि अनुभवाचे कागद बरोबर आणा. जोडीदाराला काम करता येईल का, हे मालकाला लेखी विचारा. मे-जूनमध्ये या, म्हणजे बर्फ पडायच्या आत रस्ते, दुकानं, माणसं ओळखीची होतील. आणि दुसऱ्या गाडीचा विषय निघाल्यावर घरात कोणी ‘ते नंतर बघू’ म्हणालं, तर त्या पत्रावर सही करू नका.