घरीं नेण्याची वस्तु

एप्रिल उजाडला कीं पुण्यामुंबईच्याच नव्हे, तर लहानसहान शहरांच्याहि भिंतींवर मुलांच्या उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकूं लागतात. वय तीन ते सहा वर्षें, वेळ सकाळचे तीन तास, विषय ‘निसर्ग व हस्तकला’. हे दोन शब्द सुशिक्षित पालकांस इतके प्रिय झाले आहेत कीं, त्यांच्या आड काय चालतें हें पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. म्हणून तें येथें स्पष्ट बोलण्याचें योजिलें आहे. माझें म्हणणें असें कीं, ह्यांपैकीं पुष्कळ शिबिरांत निसर्गहि नसतो व हस्तकलाहि नसते. असते ती केवळ घरीं नेण्याची एक वस्तु. आणि ती मुलासाठीं नसून आपणां पालकांसाठीं असते.

कार्यक्रमाची रचनाच पाहावी. अर्ध्या तासाचा एक पाठ. मूल येण्यापूर्वींच पुठ्ठे कातरून, पाकळ्या मोजून, चमकीच्या पुड्या बांधून ठेवलेल्या असतात. मुलानें करावयाचें तें इतकेंच कीं, दाखविलेल्या जागीं डिंक लावून पाकळी चिकटवावी. ती वांकडी बसली तर ताई हळूच सरळ करतात. कारण बारा वाजतां आई न्यावयास येणार आणि तिला फूल फुलासारखें दिसलें पाहिजे. पंचवीस मुलांचीं पंचवीस फुलें एकाच सांच्यांतून काढल्यासारखीं निघतात. ह्यास हस्तकला म्हणणें म्हणजे छापखान्यांत कागद सरकविणारास कवि म्हणण्यासारखें आहे. ह्यांत ताईंचा दोष थोडा. मागणी आपली, पुरवठा त्यांचा.

निसर्गाची दशा तर याहून शोचनीय. भर वैशाखांत आमचीं मुलें दुकानांतला कापूस चिकटवून हिममानव करितात आणि जें झाड त्यांनीं कधीं पाहिलें नाहीं त्या मेपलचें तांबडें पान रंगवितात. त्याच सुमारास बाहेर बहाव्याचे पिवळे घोस लोंबत असतात, सांवरीचीं बोंडें उकलून त्यांतला कापूस वाऱ्यावर निघालेला असतो, आणि पावशा तर ओरडून ओरडून आपलें अस्तित्व जाहीर करीत असतो. परंतु तिकडे पाहावयास पाठाच्या अर्ध्या तासांत सवड नसते, आणि पावशाचा आवाज पिशवींत घालून घरीं नेतां येत नाहीं.

बालशिक्षणांत हातांच्या व्यवसायास मानाचें स्थान देणारा फ्रोबेल. १८४० सालीं जर्मनींत त्यानें आपल्या शाळेस ‘मुलांची बाग’ ह्या अर्थाचें ‘किंडरगार्टन’ हें नांव दिलें, तें केवळ अलंकारिक नव्हतें. मुलांस लागवडीकरितां खरेखुरे वाफे असावेत, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडील दाखला तर याहून जवळचा आहे. गिजुभाई बधेका यांजसह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ सालीं बोर्डी येथें गेल्या. माँटेसरीपद्धतीचीं महाग साधनें तेथील गरीब वस्तीस परवडणारीं नव्हतीं. म्हणून शिंपले, खडे, बिया आणि पानें हींच त्यांनीं साधनें केलीं. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच वस्तीच्या अंगणांत नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतून आला. पुढें कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साह्यानें त्यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळाहि चालविली. शिंपल्या-बियांचा मोठा गुण हा कीं, मूल त्या निवडतें, मोजतें, मांडतें, मोडतें आणि पुन्हां टोपलींत टाकतें. हातांस व डोळ्यांस वळण लागतें. दाखविण्याजोगें मात्र कांहीं उरत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, आईबाप दोघेहि कामावर जातात, आजीआजोबा दूर गांवीं राहतात, वाड्याचें अंगण जाऊन तेथें मोटारी उभ्या राहूं लागल्या. मग मुलानें सुटींत जावें कोठें? हा प्रश्न खरा आहे, आणि शिबिरें बंद करा असें मी म्हणतहि नाहीं. उलट, ज्या अर्थीं त्यांवांचून गत्यंतर नाहीं, त्या अर्थीं तीं चांगलीं असणें अधिकच अगत्याचें आहे. दुसरा आक्षेप तितका प्रामाणिक नाहीं. एवढी फी भरून मूल रिकाम्या हातीं परत आलें, तर मोबदला काय मिळाला? रोगाचें मूळ येथेंच आहे. मुलाची सकाळ आपण विकत घेतली, आणि आतां तिची पावती मागत आहों.

ती पावती मुलास फार महाग पडते. चार वर्षांच्या मुलाची वांकडी पाकळी दुसऱ्यानें सरळ केली कीं, त्याच्या मनावर एकच गोष्ट ठसते: आपला हात पुरेसा नाहीं, आणि काम करावयाचें तें दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीं. महाविद्यालयांत अठरा वर्षांचीं मुलें आमच्यापुढें येऊन बसतात आणि मूळ ग्रंथ उघडण्याआधीं तयार टिपणें मागतात, तेव्हां त्यांस आम्ही आळशी म्हणतों. त्या आळसाचा सगळा इतिहास चमकीच्या पुडींत सांपडेल असें नाहीं. पण दोहोंची जात एकच आहे.

चांगल्या शिबिरास लागतें तें थोडें: उन्हें चढण्यापूर्वींची वेळ, एक सांवलीचें झाड, माती, पाणी, दोरा, बिया, आणि मूल चुकत असतां हात आंवरून बसूं शकेल अशी एखादी शहाणी ताई. त्याच झाडाखालीं मुलांनीं आठवडाभर बसावें आणि मुंग्यांची रांग कोठून निघते व कोठें जाते, हें आपणच शोधावें. पालकांनीं फी भरतेवेळीं चालकांस इतकेंच बजावावें कीं, आमच्या मुलाबरोबर कोणतीहि वस्तु पाठवूं नका. मग दुपारीं तें मळक्या कपड्यांनीं व रिकाम्या हातांनीं घरीं येईल. ‘आज काय केलेंस?’ असें न विचारतां ‘आज काय पाहिलेंस?’ असें विचारावें, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावें. आपल्या फीचा खरा हिशेब त्या उत्तरांत मिळेल.