पालकसभेची किंमत

विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासाची ग्वाही न देणारी माध्यमिक शाळा आज शोधूनही सापडणार नाही. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर शरीर, मन आणि बुद्धी या तिहींच्या जोपासनेचे आश्वासन असते. शेवटच्या पानावर पालकांच्या सहकार्याची अपेक्षा व्यक्त केलेली असते. आणि मधल्या पानांवर शुल्काचा तपशील असतो. शाळा आणि घर यांचा प्रत्यक्ष संबंधही बव्हंशी या मधल्या पानांपुरताच उरला आहे. पालकाला शाळेचे बोलावणे येते ते शुल्क थकले म्हणून, गुण घसरले म्हणून किंवा मुलाच्या हातून काही आगळीक घडली म्हणून. मूल गेले महिनाभर गप्प का आहे, हे विचारण्यासाठी पालकाला बोलावल्याची उदाहरणे विरळाच.

बोलावले तरी पालक येत नाहीत, ही शिक्षकांची तक्रार जुनी आहे आणि ती खोटीही नाही. तथापि तिच्यातून जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून पाहण्याजोगा आहे. पालक उदासीन आहेत, असे एकदा ठरवून टाकले की शाळेची जबाबदारी आपोआप संपते आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याचा प्रश्न घराच्या उंबऱ्याआत ढकलता येतो. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही.

मजुरी बुडवून सभा

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर पडेगाव आहे. एकेकाळचे हे शहराबाहेरचे खेडे आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून शहराची वाढ त्याच्याही पुढे मिटमिट्याच्या दिशेने चालू आहे. अशा वस्तीतील शाळेच्या पालकसभेत कोण बसणे अपेक्षित आहे, याचा विचार केला म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा कामगार, बांधकामावर रोजंदारीने जाणारे जोडपे, चार घरची धुणीभांडी करणारी आई, रिक्षाचालक, किरकोळ दुकानदार आणि कचेरीतला कारकून असा हा संमिश्र पालकवर्ग आहे. सभेची वेळ मात्र या सर्वांसाठी एकच : कामाच्या दिवशी सकाळी अकरा.

अर्थशास्त्रात एका वस्तूसाठी सोडून द्याव्या लागणाऱ्या दुसऱ्या वस्तूच्या मूल्यास संधी-खर्च म्हणतात. कारकुनाला अकराच्या सभेसाठी अर्ध्या दिवसाची रजा पडते. रोजंदारीवरील मजुराचा संपूर्ण दिवसच बुडतो, कारण अर्धा दिवस उलटल्यावर त्याला कामावर कोणी घेत नाही. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला झोपेवर पाणी सोडावे लागते. म्हणजे शाळेच्या दृष्टीने विनामूल्य असलेली ही सभा प्रत्यक्षात पालकावर बसवलेला करच आहे, आणि तो उत्पन्नाच्या व्यस्त प्रमाणात बसतो. ज्याचे उत्पन्न कमी, त्याला सभा अधिक महाग. जे येत नाहीत ते मुलांविषयी बेफिकीर असतात, असे मानणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

याच पडेगावपासून फारसे दूर नसलेल्या नागसेनवनात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. ज्या घरांत अक्षरओळखही नव्हती, अशा घरांतील पहिली पिढी तेथे शिकली. त्या मुलांचे आईवडील कोणत्याही पालकसभेला आले नसतील. पण मुलाला कामाला न लावता शिकायला पाठवून त्यांनी जे मोल दिले, ते कोणत्याही उपस्थितीपत्रकात मावणारे नव्हते. मराठवाड्याला हा इतिहास ठाऊक आहे. तेव्हा पालकांच्या आस्थेचे माप सभेतील हजेरीवरून घेऊ नये, एवढा धडा तरी त्यातून घेता येईल.

कायद्याची आठवीपाशी संपणारी वाट

पालकांना शाळेच्या कारभारात स्थान देणारे कायदे आपल्याकडे नाहीत असे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई केली. २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले. परंतु हा कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे; शिवाय खाजगी विनाअनुदानित शाळांना ही समिती सक्तीची नाही. नववी-दहावीच्या वर्गांसाठी जे काही आहे ते शासनाच्या योजना, निर्णय आणि परिपत्रके यांच्या आधाराने. ज्या वयात शरीर बदलते, मन अस्थिर होते आणि दहावीच्या परीक्षेचे दडपण येते, नेमक्या त्याच वयाच्या उंबरठ्यावर कायद्याचे छत्र आखूड पडावे, ही विसंगती लहान नाही.

दुसरा कायदा महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचे विनियमन करणाऱ्या २०११ च्या अधिनियमाने खाजगी शाळांत पालक-शिक्षक संघ अनिवार्य केला आणि त्याच्या कार्यकारी समितीतील पालक चिठ्ठ्या टाकून निवडावेत अशी चांगली सोयही केली. तथापि कायद्याचे नाव आणि मुख्य प्रयोजनच शुल्काचे असल्याने समितीच्या बैठकीचे सारे लक्ष तिकडेच लागते. कायद्याने पालकाला मान्यता दिली ती ग्राहक म्हणून. ग्राहक किमतीविषयी बोलतो. त्याने मुलाच्या झोपेविषयी, भीतीविषयी, मैत्रीविषयी बोलावे, अशी व्यवस्था कोणी केली नाही.

या त्रुटीचे परिणाम गंभीर आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते. इतर कोणत्याही राज्यातील संख्या इतकी नव्हती. यात महाविद्यालयीन विद्यार्थीही आले, आणि प्रत्येक मृत्यूमागे शाळा वा परीक्षा हेच कारण असते असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. पण शिक्षणात पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्याने या आकड्याकडे पाहून अस्वस्थ होऊ नये, असेही कोणी म्हणणार नाही.

विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेला निर्णय या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा आहे. संसदेचा वा विधिमंडळाचा कायदा होईपर्यंत बंधनकारक राहतील अशी १५ मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा. शिक्षक व कर्मचारी यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे आणि पालकांसाठीही नियमित प्रबोधनाचे कार्यक्रम घ्यावेत, असा त्यांचा आशय आहे. न्यायालयाने मार्ग दाखविला. तो चालण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न मात्र राज्यशासनाच्या आणि संस्थाचालकांच्या दारी उभा आहे.

शिक्षकाच्या खांद्यावर आणखी एक ओझे?

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एखाद्या शिक्षकाला दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन त्यालाच समुपदेशक घोषित करणे. कागदावर पूर्तता होते आणि खर्चही वाचतो. हा मोह शासनाला आणि संस्थांना होणारच; म्हणून त्याविषयी उपलब्ध असलेला पुरावा पाहणे अगत्याचे आहे. गोव्यातील 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ शासकीय माध्यमिक शाळांत नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत तज्ज्ञ नसलेली, पण प्रशिक्षण दिलेली एक स्वतंत्र व्यक्ती नेमली होती. काही शाळांत तेच काम शिक्षकाकडे दिले होते. उरलेल्या शाळांत यांपैकी काहीच नव्हते. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, मुलांचे गट आणि व्यक्तिगत समुपदेशन अशी कामाची रूपरेषा होती. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दांडगाई व मारहाण कमी झाली आणि नैराश्याची लक्षणेही घटली. शिक्षकाकडे काम सोपविलेल्या शाळांत मात्र असा परिणाम दिसला नाही.

यात शिक्षकांची निंदा नाही. अध्यापन, परीक्षा, निवडणुकीचे काम, जनगणना, संगणकावर भरावयाची माहिती या सर्वांतून उरलेल्या वेळात दुसऱ्याच्या मुलाचे मन जाणून घेणे कोणालाही अशक्य आहे. शिवाय जो गुण देतो आणि शिक्षाही करतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करीत नाही. वर्गशिक्षकाचे काम वेगळे आणि तितकेच मोलाचे आहे. वरचेवर पडणारी गैरहजेरी, अपुरी राहू लागलेली वही, मधल्या सुट्टीत एकटे बसणारे मूल या खुणा सर्वप्रथम त्याच्याच दृष्टीस पडतात. त्याने त्या हेराव्यात आणि ऐकून घेण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याच्यापर्यंत पोचवाव्यात.

खर्चाचे गणितही भिववण्याजोगे नाही. उदाहरणादाखल, ४०० विद्यार्थ्यांच्या शाळेत दरमहा २० हजार रुपयांवर समुपदेशक नेमला असे धरले, तर वर्षाचा खर्च २ लाख ४० हजार, म्हणजे विद्यार्थ्यामागे वर्षाला ६०० रुपये होतो. आता दुसऱ्या बाजूस मजुराची दिवसाची मजुरी ६०० रुपये धरली, तर केवळ एका पालकसभेसाठी तो जे गमावतो तेवढ्यात त्याच्या मुलाच्या समुपदेशनाचा वर्षाचा खर्च निघतो. आकडे मागेपुढे होतील, तत्त्व बदलणार नाही. गरीब पालकाकडून वर्षातून दोन-तीनदा इतकी किंमत बिनबोभाट वसूल करणारी व्यवस्था समुपदेशकासाठी पैसा नाही असे म्हणते, तेव्हा प्रश्न पैशाचा नसून अग्रक्रमाचा आहे हे स्पष्ट होते. पद मंजूर झाल्याशिवाय अनुदानित शाळेने नेमणूक कोठून करावी, हा मुख्याध्यापकांचा सवाल रास्तच आहे. त्याचे उत्तर शासनाने पद मंजूर करून द्यावयाचे आहे. लहान शाळांसाठी दोन-तीन शाळांत मिळून एक समुपदेशक देता येईल.

पाहणे आणि ऐकणे

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील बालिकांवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर शाळांतील कॅमेऱ्यांचा आग्रह वाढला. कॅमेरे हवेतच, परंतु कॅमेरा घडलेले दाखवितो, मुलाच्या मनात घोळणारे त्याला ऐकू येत नाही. यंत्र एकदा बसविले की काम झाले असे वाटते. ऐकणाऱ्या माणसाचे वेतन दरमहा द्यावे लागते. म्हणूनच पहिल्यासाठी तरतूद तत्काळ होते आणि दुसरे मागे राहते.

ऐकणाऱ्या माणसावर एक नाजूक जबाबदारीही येते. मुलाने विश्वासाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट घरी कळविली गेली, तर दुसरे मूल तोंड उघडणार नाही. आणि काहीच कळविले नाही, तर पालक अंधारात राहतील. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या बालसंरक्षण कायद्याने माहिती देणे सर्वांवर बंधनकारक केले आहे. तेथे गुप्ततेचा प्रश्नच उरत नाही. जिवाला धोका दिसत असेल तर घरी कळविणे हेही कर्तव्यच होय. इतर बाबतींत मुलाला विचारून, शक्यतो त्याच्याच उपस्थितीत पालकांशी बोलावे. कोणती गोष्ट घरी कळविली जाईल आणि कोणती नाही, हे वर्षारंभीच पालक आणि विद्यार्थी दोघांनाही सांगितले, तर पुढचे बरेच गैरसमज टळतील.

शाळेनेच उंबरा ओलांडावा

पालक शाळेत येत नसतील तर काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी दिलेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे जे काम केले, त्यात मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पालकांच्या दिनक्रमाला दोष देत न बसता शाळेने आपला दिनक्रम बदलला. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्यामागचा विचार मात्र माध्यमिक शाळेच्या फाटकापर्यंत पोचलेला नाही.

पडेगावसारख्या वस्तीत हा विचार आचरणात आणणे अवघड नाही. सभा सायंकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी घ्यावी, आणि पाळीतील कामगारांसाठी ती दोन वेगळ्या वेळी घ्यावी. शक्य तेथे ती शाळेत न घेता वसाहतीच्या समाजमंदिरात घ्यावी. घरी पहिला निरोप तक्रारीचा जाऊ नये. मुलाविषयीची एखादी चांगली गोष्ट सांगण्यासाठी वर्षारंभी एकदा तरी शाळेने घराशी बोलावे, म्हणजे पुढे अडचणीचे बोलणे सोपे जाते. सर्वांसमक्ष गुणांचे वाचन थांबवावे; ज्या सभेत आपल्या मुलाची नाचक्की होणार, तिला पुन्हा जाण्याची इच्छा कोणत्या आईला होईल? मुलाला अधिक मदतीची गरज भासल्यास शहरातच घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही शासकीय सेवाही विनामूल्य उपलब्ध आहे. या दोहोंची माहिती शाळेच्या फलकावर आणि पालकांच्या हाती असावी.

समुपदेशकाकडे मूल पाठविले की त्याला वेड लागले असे लोक म्हणतील, ही भीती पालकांत आहे आणि ती एका व्याख्यानाने जाणार नाही. डोळे तपासण्यासाठी मूल नेण्यात आज कोणाला संकोच वाटत नाही, कारण तपासणी सर्वांची होते. समुपदेशकाने वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याशी बोलावे, असा शिरस्ता घातला तर कोणा एकावर शिक्का बसणार नाही.

विद्यार्थ्याचे स्वास्थ्य ही शाळेने फावल्या वेळात करावयाची दयाबुद्धीची गोष्ट नाही. तिला माणूस लागतो, वेळ लागतो आणि म्हणून पैसा लागतो. हा खर्च शासनाने आणि संस्थांनी उघडपणे अंदाजपत्रकात मांडला नाही, तर तो नाहीसा होत नाही. तो बुडालेल्या मजुरीच्या, शिक्षकाच्या थकव्याच्या आणि क्वचित एखाद्या घरातील कधीही भरून न येणाऱ्या हानीच्या रूपाने चुकता केला जातो. सर्वोच्च न्यायालयाची तत्त्वे कायदा होईपर्यंतची आहेत. तो कायदा करताना राज्याने नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला आणि रोजंदारीवरील त्याच्या पालकाला विसरू नये, एवढी दक्षता विधिमंडळातील प्रतिनिधींकडून अपेक्षिणे अवाजवी ठरू नये.