पॉइंटर बोटीवरच राहू द्या

जॉर्ज बार्जिबां यांनी १९६९ साली न्यू कॅलेडोनियात नूमेआच्या मत्स्यालयासाठी एक समुद्रपंखा काढून आणला. तो टेबलावर न्याहाळताना फांदीला बिलगलेली समुद्रघोड्यांची जोडी दिसली. पाण्यात ती त्यांच्याही नजरेतून निसटली होती. जेमतेम दोन सेंटिमीटरचा जीव, आणि अंगावर थेट त्या पंख्याच्या पॉलिपसारख्या गाठी! पुढच्याच वर्षी त्याचं बारसं झालं : हिप्पोकॅम्पस बार्जिबांती.

त्यानंतरच्या बुटक्या समुद्रघोड्यांच्या कथेत मात्र आपल्या व्यवसायातली माणसं जागोजागी भेटतात. ‘पोंतोही’ या नावात सुलावेसीतले डाइव्ह गाइड हेन्स पोंतो आहेत, ‘सातोमिए’त गाइड सातोमी ओनिशी. दक्षिण आफ्रिकेच्या सोडवाना बेमधला ‘नालू’ शास्त्रज्ञांना कळला तो तिथल्या एका डाइव्ह इन्स्ट्रक्टरच्या फोटोमुळे. २०२० मध्ये तो नवी जात म्हणून जाहीर झाला. खोसा आणि झुलू भाषांत नालू म्हणजे ‘हा पाहा’. गाइडच्या तोंडी शोभेल असंच नाव.

घोळ होतो तो याच ‘हा पाहा’पाशी. पाहुण्याला फोटोत तोंड हवं असतं, घोडा पाठ फिरवतो, आणि कुणीतरी पॉइंटर पुढे करतं. फ्लॅशवरून आपण पुष्कळ भांडलो. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, समुद्रघोड्यांसह तळाशी राहणाऱ्या माशांना फ्लॅशपेक्षा हाताळण्याचाच त्रास जास्त होतो, असं दिसलं. बार्जिबांती तर म्युरिसेला जातीच्या पंख्यांवरच राहतो, आणि एकदा बसला की सहसा घर बदलत नाही. पंखा मोडला तर त्याने जायचं कुठे? त्यात ज्या पोटुशा नराचा फोटो सगळ्यांना हवा असतो, त्याच्या धडातल्या पिशवीत पिल्लं वाढत असतात.

बार्जिबांतीची आययूसीएनच्या यादीतली नोंद अजून ‘माहिती अपुरी’ अशीच आहे. आपल्याकडे समुद्रघोडे आणि समुद्रपंखे या दोघांनाही २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हे बुटके मालवणात भेटणार नाहीत, पण समुद्रपंखे तिथेही आहेत आणि पॉइंटरची सवय सगळीकडे सारखीच.

पावसाळा सरला की तारकर्लीच्या बोटी पुन्हा निघतील. बोटीवरच्या माहितीत दोन वाक्यं वाढवा : पंख्याला हात लावायचा नाही, घोडा वळला नाही तर फोटो पाठीचा. आणि समुद्रघोडा दिसला, तर तारीख, खोली आणि तो कशाला धरून होता, एवढं लॉगबुकात लिहून आम्हाला जरूर कळवा.